कायदेभंग : कोणी करावा आणि त्याची किंमत कोणी द्यावी?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बडोदे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवात बोलणाऱ्याने संस्थेचा गौरव करावा, दिवंगत कार्यकर्त्यांचे स्मरण करावे आणि भोजनाची वेळ न टाळता खाली बसावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. त्यातला शेवटचा भाग मी नक्की पाळीन. बाकीच्यासाठी मात्र क्षमा मागतो, कारण आजचा विषय मला विश्वस्त मंडळींनी दिलेला नाही. तो आपल्या वसतिगृहातल्या मुलांनी दिला आहे.

गेल्या पावसाळ्यात वसतिगृहासमोरच्या चौकात आपल्या एका विद्यार्थिनीला भरधाव ट्रकने धडक दिली. मुलगी वाचली, पण पायात सळई घालावी लागली. तेथे गतिरोधक हवा, ही मागणी जुनीच. पंधरा-वीस दिवसांनी चार मुले माझ्या घरी आली. त्यांच्यातली एक म्हणाली, "काका, आम्ही रस्ता अडवून बसणार आहोत. ते बेकायदेशीर आहे हे आम्हाला ठाऊक आहे. पण ते चूक आहे का, एवढेच विचारायला आलो."

चाळीस वर्षे मी या शहराच्या कोर्टात वकिली केली. बेकायदेशीर काय, हे सांगायला मला अर्धे मिनिट पुरते. जुने दंड विधान १ जुलै २०२४ पासून गेले, त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले आणि आम्हा म्हाताऱ्या वकिलांची पाठांतरे फुकट गेली. पण रस्ता अडविणे हा गुन्हा होता तो गुन्हाच राहिला. चूक आहे का, या प्रश्नाला मात्र मला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. मी मुलांना चहा दिला आणि आठ दिवसांची मुदत मागून घेतली. मुदत मागण्याची सवय हाडीमाशी खिळलेली!

त्या आठ दिवसांत मी दोन न्यायाधीशांविषयी पुष्कळ विचार केला. एक आपल्या बडोद्याचे, आणि दुसरे विलायतेहून आलेले.

आपले न्यायाधीश म्हणजे अब्बास तय्यबजी. जन्म १८५४ चा. शिक्षण विलायतेत. बडोदे राज्याच्या न्यायखात्यात चढत चढत ते मुख्य न्यायाधीश झाले आणि १९१३ च्या सुमारास निवृत्त झाले. राहणी साहेबी, वृत्ती राजनिष्ठ. असा गृहस्थ निवृत्तीनंतर बागेत खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचीत बसायचा. पण १९१९ मध्ये जालियनवाला बागेचे हत्याकांड झाले, आणि काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीत गांधीजी, चित्तरंजन दास, आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्याबरोबर तय्यबजीही होते. साक्षी नोंदविण्यात ज्याचा जन्म गेला त्या माणसाने पंजाबात माणसांच्या तोंडून काय काय ऐकले असेल, याची कल्पना करावी. तेथून परतलेले तय्यबजी वेगळेच होते. विलायती कपडे गेले, खादी आली, तिसऱ्या वर्गाचा डबा आला.

पुढे १९३० चा मिठाचा सत्याग्रह. १२ मार्चला साबरमतीहून निघालेली पदयात्रा ५ एप्रिलला दांडीला पोचली. त्या यात्रेत आश्रमाचे गायक पंडित नारायण मोरेश्वर खरे होते, हे आपण मराठी माणसांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. वाटेतले नवसारी हे गायकवाडी मुलखातले गाव. त्याच्यापुढची दांडी इंग्रजी हद्दीत. ६ एप्रिलला चिमूटभर मीठ उचलून गांधीजींनी कायदा मोडला. महिन्याभराने, ५ मेच्या पहाटे, कराडीच्या झोपडीतून त्यांना पकडले. पण या वेळी सरकारने खटलाच भरला नाही. १८२७ सालचे एक धूळ खात पडलेले रेग्युलेशन शोधून काढून त्यांना येरवड्याला स्थानबद्ध केले. सरकारने असे का केले ते मी पुढे सांगतो.

गांधीजींच्या मागे धारासण्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींना नेण्याचे काम कोणाकडे आले? शहात्तर वर्षांच्या तय्यबजींकडे. १२ मे रोजी ते तुकडी घेऊन निघाले, बरोबर कस्तुरबा होत्या. निघताक्षणीच त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा झाली. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना शिक्षा सांगितल्या, तो शहात्तराव्या वर्षी स्वतःची शिक्षा ऐकायला उभा राहिला. पळाला नाही, वकील देऊन तांत्रिक मुद्दे काढले नाहीत. कायदा म्हणजे काय हे ज्याला कळत नव्हते असा हा माणूस नव्हता. म्हणून, कायदेभंग हा बेजबाबदार पोरांचा खेळ असे कोणी म्हणू लागले की मला आपले तय्यबजी आठवतात.

आता दुसरे न्यायाधीश, रॉबर्ट ब्रूमफील्ड. आपल्या भागातील कायदेभंगाच्या इतिहासात हा गृहस्थ तीनदा भेटतो, आणि तिन्ही वेळा निराळ्या बाजूने.

पहिल्यांदा १८ मार्च १९२२ रोजी, अहमदाबादेत, शाहीबागेतल्या सर्किट हाऊसमध्ये. ब्रूमफील्ड तेव्हा जिल्हा व सत्र न्यायाधीश. आरोपी मोहनदास करमचंद गांधी आणि मुद्रक-प्रकाशक शंकरलाल बँकर. 'यंग इंडिया'तील तीन लेख, आरोप राजद्रोहाचा, कलम १२४-अ. गांधीजींनी गुन्हा कबूल केला. इतकेच करून ते थांबले नाहीत. सरकारी वकिलाने मुंबईचे दंगे आणि चौरीचौरा यांचा उल्लेख केला होता. चौरीचौऱ्याला, गोरखपूर जिल्ह्यात, ४ फेब्रुवारीला जमावाने पोलीस ठाणे पेटवून वीसहून अधिक पोलिसांचा जीव घेतला होता. गांधीजी तेथून शेकडो कोस दूर. त्यांनी हिंसेला कधी उत्तेजन दिले नव्हते. उलट त्या घटनेनंतर बारडोलीचा ठरलेला कायदेभंग सहकाऱ्यांचा रोष पत्करून थांबविला आणि पाच दिवस उपवास केला. कोणताही वकील म्हणाला असता, महाराज, या गोष्टीचा माझ्या अशिलाशी काही संबंध नाही. गांधीजींनी मात्र त्याची जबाबदारीही आपल्यावर घेतली. मग न्यायाधीशांना सांगितले की आपल्यापुढे दोनच रस्ते आहेत. हा कायदा वाईट वाटत असेल तर राजीनामा द्या. चांगला वाटत असेल तर मला कडक शिक्षा द्या.

ब्रूमफील्डनी राजीनामा दिला नाही. आपण आजवर चालविलेल्या किंवा पुढे चालवू अशा आरोपींहून हा आरोपी निराळ्या कोटीतला आहे, हे त्यांनी उघड मान्य केले. लोकमान्य टिळकांच्या खटल्याचा दाखला घेऊन तितकीच, सहा वर्षांची साधी कैद सांगितली. आणि सरकारने ती पुढे कमी केली तर आपल्याइतका आनंद कोणाला होणार नाही, असेही सांगितले. बँकरांना एक वर्ष आणि दंड.

आम्हा वकील मंडळींना हा खटला फार आवडतो, तो भाषणांसाठी. मला तो दुसऱ्याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. त्या खोलीत आरोपीने कायदा मोडला होता, पण न्यायासनाचा अवमान केला नव्हता. आणि न्यायाधीशाने कायदा पाळला, पण आरोपीला हलके लेखले नाही. असा खटला सरकारला परवडत नाही. १९३० मध्ये गांधीजींना पुन्हा आरोपीच्या जागी उभे करण्याऐवजी ते १८२७ चे रेग्युलेशन शोधले गेले, त्याचे मूळ येथे आहे असे माझे मत आहे.

बारडोलीचे थोडक्यात सांगतो, कारण ती कथा गुजरातेत राहणाऱ्या आपणा सर्वांना पाठ आहे. १९२८ मध्ये सारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढला, वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो देण्याचे नाकारले, जप्त्या झाल्या, गुरेढोरे गेली, जमिनी गेल्या. शेवटी चौकशी नेमावी लागली. चौकशी करणारे दोन अधिकारी मॅक्सवेल आणि तेच ब्रूमफील्ड. त्यांनी गावोगाव फिरून हिशेब तपासले आणि वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आणली. ज्यांनी कायदा मोडला त्यांची तक्रार खरी होती, हे अशा रीतीने कायद्याच्याच माणसाने लिहून दिले.

तिसरा प्रसंग सांगण्यापूर्वी मला स्वतःविषयी काही सांगायचे आहे. ते या व्यासपीठावरून सांगावे की नाही, याचा मी बराच विचार केला.

१९७४ चा जानेवारी. नवनिर्माण आंदोलन. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या इंजिनियरिंग कॉलेजात मेसच्या बिलावरून पडलेली ठिणगी सर्व गुजरातभर पसरली होती. मी एकोणीस वर्षांचा होतो. तेल महाग, धान्य महाग, राज्यकर्ते बेफिकीर. राग खरा होता आणि तो आजही मला अयोग्य वाटत नाही. एका संध्याकाळी आम्ही पाच जण गल्लीच्या तोंडाशी उभे राहून बसवर दगड मारीत होतो. माझा दगड पुढच्या काचेला लागला. काच फुटली आणि आत उभ्या असलेल्या कंडक्टरने दोन्ही हातांनी तोंड झाकलेले मी पाहिले. आम्ही पळालो. दहा मिनिटांनी पोलीस आले, तेव्हा आमच्याच वाड्यातला एक मुलगा आईचे औषध घेऊन परत येत होता. तो सापडला.

तीन रात्री तो कोठडीत होता. त्याच्यावर फिर्याद झाली. मी घरात बसून होतो आणि घरी कोणालाही काही बोललो नाही. ९ फेब्रुवारीला मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, मार्चमध्ये विधानसभा विसर्जित झाली, आम्ही पेढे वाटले. त्याची केस दोन वर्षांनी निघाली. तोवर सरकारी नोकरीचा एक अर्ज पोलीस तपासणीत अडकून त्याच्या हातचा गेला होता. तो सुरतेला एका कापडाच्या दुकानात लागला. मी पुढे वकील झालो. पुष्कळ आरोपींना मी सांगितले, खरे ते बोला.

काही वर्षांपूर्वी तो आपल्याच संस्थेच्या एका कार्याला आला होता. मी त्याला बाजूला नेऊन सर्व सांगितले. त्याने आरडाओरड केली नाही. बराच वेळ गप्प बसला आणि मग एवढेच विचारले, "आणि त्या कंडक्टरच्या डोळ्याचे काय झाले?"

मला माहीत नव्हते. मी कधी चौकशीच केली नव्हती.

गांधीजींनी शेकडो कोसांवर दुसऱ्यांनी केलेल्या गुन्ह्याची जबाबदारी घेतली. मी माझ्या हातातल्या दगडाची घेतली नाही. दोन्हीही कायदेभंगच. आमचे कारण खोटे होते असे नव्हे. पण किंमत आम्ही दिली नाही. ती एका कंडक्टरने आणि एका औषध आणणाऱ्या मुलाने दिली, आणि त्या दोघांना कोणी विचारलेही नव्हते.

आता महाड. येथे ब्रूमफील्ड तिसऱ्यांदा भेटतात, पण तिकडे येण्यास दहा वर्षे आहेत.

१९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाने बोल्यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. म्हणजे त्या दिवशी महाडला कायदा कोणी मोडला? पाणी पिणाऱ्यांनी नव्हे. त्यांच्यावर नंतर लाठ्याकाठ्या घेऊन धावून गेलेल्यांनी. ही गोष्ट आपण, विशेषतः आपल्यातल्या उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या घरांनी, नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. रूढी मोडली की आपण कायदा मोडला म्हणून ओरडतो.

ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा परिषद बोलावली. तेवढ्यात काही सवर्णांनी दिवाणी कोर्टात दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. परिषदेला जमलेली हजारो माणसे तुरुंगात जायला तयार होती. कलेक्टर साहेब येऊन थांबण्याविषयी सांगून गेले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. पण तळ्यावर जाण्याचा सत्याग्रह बाबासाहेबांनी तहकूब केला. कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही, दावा लढायचा. मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घालून आली, पाण्याला कोणी हात लावला नाही.

आपल्याच शहराने १९१३ मध्ये ज्यांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठविले आणि १९१७ मध्ये ज्यांना राहायला खोली दिली नाही, ते हे बाबासाहेब. कायदा पाळण्याचे उपकार त्यांच्यावर कोणी केलेले नव्हते. तरी त्यांनी तो निर्णय घेतला. सोपा निर्णय नव्हता. आपल्याच माणसांचा उत्साह आवरण्यास सरकारशी लढण्याहून जास्त धैर्य लागते.

दावा महाडला चालला, अपील ठाण्याला चालले, मग हायकोर्टात. तिन्ही ठिकाणी वादी हरले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल झाला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अनादि काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, असा तो निकाल. लिहिणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड.

मी तरुण वकील असताना हा निकाल वाचला तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. आता तितका निर्मळ अभिमान वाटत नाही. डिसेंबर १९२७ ते मार्च १९३७. नऊ वर्षे आणि वर तीन महिने. पाण्याच्या एका ओंजळीसाठी. कायद्याचा रस्ता धरणाऱ्याला कायद्याने इतके चालावयास लावले, तर पुढच्याने तो रस्ता का धरावा, हा प्रश्न बाबासाहेबांच्या अनुयायांनी विचारला असेल तर त्यात वावगे काय? बाबासाहेबांनी स्वतः २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केलाच. योगायोग असा की गांधीजींनी व्हाइसरॉयला मिठाविषयीचे पत्र धाडले तेही त्याच तारखेला.

आणि त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगितले की आता सत्याग्रह, असहकार, कायदेभंग हे मार्ग सोडावे लागतील. घटनात्मक मार्ग बंद होते तोवर त्यांचे समर्थन होते. ते खुले झाल्यावर राहत नाही. हे भाषण सरकारी पक्षाची माणसे, कोणत्याही पक्षाचे सरकार असो, मोठ्या प्रेमाने उद्धृत करतात. ती निम्मेच उद्धृत करतात. दार उघडे असेल तर, ही अट त्यात आहे. उघड्या दारासमोर नऊ वर्षांची रांग असेल तर ते दार उघडे की बंद?

दार खरोखरच बंद झालेले आपण एकदा पाहिले. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की स्थानबद्धाला सुटकेसाठी हायकोर्टात दाद मागता येणार नाही. त्याच काळात आपल्या गावाचे नाव एका खटल्याला चिकटले, बडोदा डायनामाइट. जॉर्ज फर्नांडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांवरचा तो खटला १९७७ मध्ये काढून घेण्यात आला, म्हणून खरेखोटे कोर्टात शेवटपर्यंत ठरलेच नाही. दार बंद होते हे मी मान्य करतो. तरीही जे काम अंधारात करावे लागते, ज्यात चुकून कोणा पाहरेकऱ्याचा जीव जाऊ शकतो, ते मला तय्यबजींच्या ओळीत बसविता येत नाही. येथे बसलेले माझे काही मित्र या बाबतीत माझ्याशी सहमत नाहीत. त्यांनी त्या काळी तुरुंग भोगला आहे, मी भोगलेला नाही. म्हणून अधिक बोलत नाही.

आठ दिवसांनी मुले आली. मी त्यांना सांगितले, रस्त्यावर बसणे दर वेळी चूकच असे मी म्हणणार नाही. पण बसण्यापूर्वी अर्ज द्या, आणि अर्जाची पोच घ्या. माहितीच्या अधिकाराखाली विचारा की त्या चौकात आजवर किती अपघात नोंदले गेले. काहीच झाले नाही आणि बसायचेच ठरले, तर पोलीस ठाण्यात आधी जाऊन तारीख, वेळ आणि आपली नावे लिहून द्या. तोंडाला रुमाल बांधायचा नाही. रुग्णवाहिकेला वाट मोकळी ठेवा; त्या मुलीलाही त्या दिवशी अशाच एका गाडीतून न्यावे लागले होते. फिर्याद झाली तर पासपोर्टाला आणि नोकरीच्या तपासणीला ती आडवी येते, हे प्रत्येकाला आधी समजावून सांगा, आणि ज्याला ते कळत नाही त्याला बरोबर घेऊ नका. पहिल्या वर्षाच्या मुलांना तर मुळीच नको. आणि कोणी दगड उचलला, तो तुमचा असो वा नसो, तर त्या क्षणी उठा आणि ठाण्यात जाऊन सांगा की आमच्या बसण्यातून हे घडले.

ज्या मुलीने पहिल्या दिवशी प्रश्न विचारला होता ती म्हणाली, "काका, एवढे सगळे करायचे तर बसायला माणसे उरणार किती?"

मी म्हटले, कदाचित पाच.

त्यांनी अर्ज दिला आहे. माहितीच्या अर्जाला उत्तर आले. त्या चौकातल्या अपघातांचा आकडा कळला आणि तो आमच्या कल्पनेपेक्षा मोठा निघाला. गतिरोधकाच्या अर्जावर मात्र संबंधित कचेरीकडून 'विचाराधीन' एवढेच आले आहे. मुलांनी पुढची तारीख ठरविली आहे, ठाण्यात द्यायच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे आणून दिला आहे, आणि त्याखाली सध्या सात सह्या आहेत. आठवी माझी असावी की नको, याविषयी घरात अजून बोलणे चालू आहे.

भोजनाची वेळ झाली आहे.